जलप्रलयाच्या कथांची तुलना: बडोद्याच्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

चैत्र शुद्ध तृतीयेला मत्स्यजयंती आली, की मनू आणि बायबलमधला नोहा यांची सांगड घालणारे संदेश फोनवर फिरायला लागतात. मग मुलांचे प्रकल्प, भजनी मंडळातल्या चर्चा, भागवत सप्ताहानंतरच्या शंका. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं म्हणणं एकच: तुलना धर्माची धर्माशी करू नका, पाठाची पाठाशी करा. 'हिंदू कथा' आणि 'ख्रिस्ती कथा' अशी जोडी लावली की निम्मी चूक तिथेच होते, कारण एकेका परंपरेत कथेचे दोन-दोन, चार-चार पाठ आहेत आणि ते एकमेकांशी पटत नाहीत.

सुरुवात कुठून करायची?

मोठा कागद आडवा घ्या. डावीकडे पाठांची नावं लिहा, वर रकाने आखा: पाठ केव्हाचा, प्रलयाचं कारण, इशारा कोणी दिला, कोणाला दिला, नाव कशी, नावेत काय नेलं, पाणी किती दिवस, नाव कुठे टेकली, उतरल्यावर पहिलं काम काय, वंश पुढे कसा चालला. दहा रकाने झाले. यातला 'केव्हाचा' हा रकाना पाठाच्या काळाचा आहे, घटनेच्या नव्हे. इथे बरेच जण घसरतात.

दुसरी अट अशी, की पाठात नसलेली गोष्ट रकान्यात भरायची नाही. तिथे 'नाही' असं स्पष्ट लिहायचं. तुलनेत हे 'नाही'च सर्वांत बोलकं ठरतं. तक्ता भरताना लहानपणी ऐकलेलं डोक्यात असतं आणि हात आपोआप सप्तर्षी लिहून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे अध्याय-श्लोक टाकायचाच. तो सापडला नाही तर नोंद खोडायची.

मत्स्यावतार आणि मनूचा मासा म्हणजे एकच कथा ना?

एकाच कथेचे थर म्हणा. चार पाठ तरी वेगळे ठेवावे लागतात.

सर्वांत जुना सविस्तर पाठ शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी समजावणाऱ्या वैदिक ग्रंथात आहे (1.8.1), साधारण इ.स.पू. 8वं ते 6वं शतक. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून देतात आणि धुता धुता मासा हातात येतो. तो म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. लहान माशाला मोठा मासा गिळतो, म्हणून आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोड. अमुक वर्षी ओघ येणार, नाव तयार ठेव, हेही तोच सांगतो. पाणी चढल्यावर मनू नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो आणि मासा त्याला उत्तरेच्या पर्वतावर नेतो. नाव झाडाला बांध आणि पाणी उतरेल तसतसा खाली ये, ही सूचनाही माशाचीच.

आता यात काय नाही ते पाहा. विष्णू नाही. सप्तर्षी, बीजं, प्राणी यांतलं काही नाही. पाप नाही, शिक्षाही नाही; ओघ का आला याचं कारणच दिलेलं नाही. मनू एकटा उरतो. प्रजेच्या इच्छेने तो पाण्यात तूप, दही, मस्तू (दह्यावरचं पाणी) आणि आमिक्षा (फाटलेल्या दुधाचा घट्ट भाग) यांची आहुती देतो. वर्षभराने त्यातून एक स्त्री प्रकटते, ती इडा. तिच्यामुळे मनूची प्रजा चालते. इडा हे यज्ञातल्या एका हविर्भागाचंही नाव आहे, आणि या ब्राह्मणग्रंथाला खरं तर त्या भागाचं महत्त्व सांगायचं आहे. पूर हा त्यासाठीचा आधार.

महाभारतात ही कथा मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात (वनपर्व, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत अध्याय 185, प्रचलित प्रतींत क्रमांक थोडा पुढे जातो). सप्तर्षी आणि बीजं इथे नावेत चढतात, नाव हिमालयाच्या शिखराला बांधली जाते आणि त्या शिखराला नौबंधन हे नाव पडतं. पण शेवटी मासा सांगतो, मी प्रजापती ब्रह्मा आहे. विष्णू नव्हे. कीर्तनात हे सांगितलं की श्रोते हमखास थबकतात.

मत्स्यपुराणात मासा म्हणजे विष्णू. पाण्याआधी शंभर वर्षांचा दुष्काळ आणि दाह येतो, आणि दोराचं काम सर्प करतो. मासा आणि मनू यांचा संवाद म्हणजेच पुढचं अख्खं पुराण. भागवतात (8.24) नायकाचं नाव सत्यव्रत, द्रविड देशाचा राजा, कृतमाला नदीवर तर्पण करणारा. हाच पुढे वैवस्वत मनू होतो. वेद चोरणारा हयग्रीव, सात दिवसांची मुदत, वासुकीचा दोर हे सगळं भागवतातलं. आपल्या घरांत 'मत्स्यावतार' म्हणून सांगितली जाते ती बहुधा हीच कथा, आणि तीच मागे ढकलून 'वेदकालीन' म्हटली जाते. ऋग्वेदात जलप्रलयाची कथा नाही. अथर्ववेदात (19.39.8) हिमालयाच्या शिखरावर नाव उतरल्याचा उल्लेख आहे असं काही अभ्यासक मानतात, पण तिथला पदच्छेदच वादाचा आहे. त्यावर इमारत उभारू नये.

लिखित पुराव्यात सर्वांत जुनी कथा कोणाची?

मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची. अत्रहासिस या काव्याची अक्कडी भाषेतली प्रत इ.स.पू. 17व्या शतकातली आहे. मातीच्या पाट्या आजही हाताळता येतात. झिउसुद्राची सुमेरी कथा निप्पुरच्या एका तुटक्या पाटीवर मिळाली, तीही जवळपास त्याच काळाची.

अत्रहासिस मुळातून वाचावं असं आहे. देव कालवे खणून कंटाळले, म्हणून त्यांनी माणूस घडवला. माणसं इतकी वाढली की त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप उडाली. त्याने आधी रोगराई धाडली, मग अवर्षण, मग उपासमार, आणि काही जमेना तेव्हा पूर. एन्की देवाने ही बातमी माणसाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती. म्हणून तो कुडाच्या भिंतीशी बोलला: भिंती, ऐक, घर मोड आणि नाव बांध. भिंतीआडच्या अत्रहासिसने, म्हणजे काव्याच्या नायकाने, ते ऐकलं. सात दिवस, सात रात्री पूर चालला. माणसं मेल्यावर देवांना नैवेद्य मिळेना, तेही उपाशी पडले आणि पुरानंतरच्या पहिल्या होमाभोवती माश्यांसारखे जमले. शेवटी तोडगा निघाला तो लोकसंख्येचा: काही स्त्रिया वांझ राहतील, काही बाळं दगावतील, काही पुजारिणी अविवाहित राहतील. इथे प्रलयाचं कारण नैतिक नाही, गर्दीचं आहे.

गिल्गमेश काव्याच्या अकराव्या पाटीत हीच कथा पुरातून वाचलेला उतनपिश्तीम सांगतो. निनवेच्या उत्खननात मिळालेली ही पाटी जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये वाचली आणि 3 डिसेंबर 1872 रोजी लंडनमध्ये जाहीर केली. 

मग बायबलची कथा तिथून उचलली का?

'उचलली' हा शब्द नको. पण नातं आहे, आणि ते घट्ट आहे. पूर, नाव आणि डोंगर या गोष्टी कुठल्याही नदीकाठच्या लोकांना सुचतील. पुरावा सापडतो तो न सुचणाऱ्या बारीक तपशिलात. नावेला डांबराचा लेप. पाणी उतरलं का ते पाहायला एकामागून एक सोडलेले पक्षी: गिल्गमेशमध्ये कबूतर, भिंगरी, कावळा, उत्पत्तीच्या पुस्तकात आधी कावळा, मग कबूतर. उतरल्यावर होम, आणि त्याचा सुगंध देवाने घेणं. हे तीन तपशील त्याच क्रमाने दोन्हीकडे आहेत. शिवाय गिल्गमेशचा एक तुकडा इस्राएलमधल्या मगिद्दो इथेच मिळालेला आहे, म्हणजे काव्य तिथवर पोचलं होतं.

फरक मात्र मुळातला. बाबेलमध्ये, म्हणजे मेसोपोटेमियाच्या कथांत, देवांचं आपसांत भांडण आहे, एक बुडवतो आणि दुसरा वाचवतो. बायबलमध्ये दोन्ही कामं एकाच देवाची, म्हणून कारण बदलावं लागलं: गोंगाटाच्या जागी दुष्टाई आली. शेवटी मेघधनुष्य आणि पुन्हा असा पूर न आणण्याचा करार.

पाऊस 40 दिवस की पाणी 150 दिवस? प्राण्यांची एक जोडी की सात?

चारही आकडे तिथेच आहेत. उत्पत्ति 6:19 मध्ये प्रत्येकी एक जोडी, 7:2 मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात. 7:12 मध्ये 40 दिवस, 7:24 मध्ये 150. बहुतेक अभ्यासक याचं उत्तर असं देतात, की दोन जुने पाठ एकात विणले आहेत. दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन 6 ते 9 हे अध्याय रंगवून पाहा. एक धागा तारखा आणि मापं देणारा, दुसरा कावळा-कबुतराचा आणि होमाचा. बऱ्याच अंशी दोन्ही स्वतंत्रपणे वाचता येतात. तारखांचा धागा फार नेटका आहे: आरंभ दुसऱ्या महिन्याच्या 17 तारखेला, शेवट पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्याच्या 27 तारखेला. चांद्र वर्ष 354 दिवसांचं धरून दोन्ही टोकांचे दिवस मोजले तर बरोबर 365 भरतात. लिहिणाऱ्याला पंचांग येत होतं.

कुराणात तीच कथा आहे का?

नायक तोच, रोख निराळा. नूहची हकीकत अनेक सूऱ्यांत विखुरलेली आहे, सविस्तर 11व्या सूऱ्यात (आयत 25 ते 49), आणि 71वा सूरा त्याच्याच नावाचा. भर नावेच्या बांधणीवर नाही. 'फळ्या आणि खिळे' एवढ्यावर काम भागतं (54:13). भर आहे 950 वर्षं समजावूनही न ऐकणाऱ्या लोकांवर (29:14). पाणी वर येण्याची खूण म्हणजे तन्नूर, म्हणजे भट्टी, उसळणं. आणि बायबलमध्ये नसलेला प्रसंग: नूहचा एक मुलगा नावेत यायला नकार देतो, डोंगर मला वाचवेल म्हणतो आणि बुडतो. नाव टेकते ती जूदीवर, अरारातच्या डोंगरांवर नव्हे. 'मुस्लिम कथा बायबलसारखीच' असं प्रकल्पात लिहिलेलं दिसलं, की लिहिणाऱ्याने या मुलाचा प्रसंग वाचलेला नाही असं समजावं.

मनूची कथा बाबेलहून आली, की तिकडची इथून गेली?

दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलणारे भेटतील. पुरावा इतकाच: शतपथाचा पाठ मेसोपोटेमियातल्या पाठांपेक्षा हजार वर्षांच्या आसपास नंतरचा आहे, आणि इशारा, नाव, पर्वत, उतरल्यावर आहुती हा सांगाडा जुळतो. पण पक्षी नाहीत, डांबर नाही, प्राणी नाहीत, देवाचा राग नाही. उलट वाढत जाणारा मासा तिकडे नाही. वर सांगितलेल्या बारीक तपशिलाच्या कसोटीवर हे नातं सिद्ध होत नाही, आणि नव्हतंच असंही म्हणता येत नाही. आमचा कल स्वतंत्र कथेकडे आहे, कारण शतपथातला मासा काढला तर कथाच उरत नाही.

मनू आणि नूह ही नावं एकच ना?

नाही. मनू हा संस्कृत 'मन्' धातूचा, नूह किंवा नोहा हा सामी, म्हणजे हिब्रू-अरबीच्या भाषाकुळातला. 'म' गाळला की जुळतं, पण अशी अक्षरं गाळायची मुभा असेल तर काहीही जुळेल.

नौकांची मापं खरी वाटतात का?

हिशेब करून पाहा. हात म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर धरला तर नोहाचं तारू 300 × 50 × 30 हात, म्हणजे 135 × 22.5 × 13.5 मीटर, तीन मजली. उतनपिश्तीमची नाव 120 हातांची, लांबी, रुंदी, उंची सारखी. बाबेलचा हात अर्धा मीटर धरला तर 60 मीटरचा घन, आत सात मजले. आणखी एका जुन्या बाबिलोनी पाटीत नाव चक्क गोल आहे, दोराची वेटोळी रचून वर डांबर थापलेली, हंपीला तुंगभद्रेत चालते तशी, फक्त व्यास सुमारे 70 मीटर. आयर्विंग फिंकेल यांनी ती पाटी 2014 मध्ये लोकांसमोर आणली.

बांधता येतील का? लाकूड लांबीत दगा देतं. लाटेवर नावेचा मधला भाग उचलला जातो, टोकं खाली झुकतात, पुढच्या लाटेला उलटं होतं आणि फळ्यांचे सांधे सुटत जातात. 1909 साली अमेरिकेत बांधलेलं वायोमिंग हे गलबत लाकडी जहाजांतलं सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार होता, तरी पाणी शिरत राहायचं आणि पंप चालू ठेवावे लागायचे. 1924 मध्ये ते वादळात बुडालं. त्याचा डेकसुद्धा नोहाच्या तारवापेक्षा आखूड होता. या मापांकडे बांधकामाचा आराखडा म्हणून पाहू नये. घनाकृती नाव मंदिराच्या मनोऱ्याची आठवण करून देते, आणि कवीला ते हवंही असेल.

एके काळी खरंच सगळी पृथ्वी बुडाली होती का?

नाही. साधा गुणाकार पुरतो. एव्हरेस्ट 8849 मीटर. तो 40 दिवसांत बुडवायचा तर पाणी रोज 221 मीटर चढायला हवं. 31 जुलै 2019 ला बडोद्यात सुमारे 20 इंच, म्हणजे अर्धा मीटर पाऊस पडला आणि शहर ठप्प झालं. त्याच्या चारशेहून अधिक पट पाऊस, तोही सगळ्या पृथ्वीवर, रोज, चाळीस दिवस. एवढं पाणी वातावरणात मावतच नाही.

स्थानिक पूर मात्र खरे होते. लिओनार्ड वूली यांना 1929 मध्ये उर शहराच्या उत्खननात गाळाचा तीन मीटरहून जाड थर मिळाला आणि 'नोहाचा पूर सापडला' अशी हाकाटी झाली. पण जवळच्या ठिकाणी तो थर नाही, आणि शुरुप्पाक या दुसऱ्या शहरातला थर कित्येक शतकं नंतरचा, इ.स.पू. 2900 च्या सुमाराचा निघाला. म्हणजे वेगवेगळ्या काळचे वेगवेगळे पूर. काळ्या समुद्रात एकाएकी पाणी घुसल्याचा 1997 चा सिद्धान्तही वादातच आहे.

काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा 'सगळं बुडालं' असंच आपण म्हणतो, आणि काठच्या माणसापुरतं ते खरं असतं. (मनूच्या हातात मासा आला. इथे पुरात अंगणात मगर येते. तिला घागरीत वाढवायला कोणी धजावणार नाही.)

द्वारका बुडाली, ती याच यादीत धरायची का?

नाही. मौसलपर्वात समुद्र एक नगरी गिळतो, मानवजात नव्हे. नाव नाही, इशारा घेऊन वाचलेला एकटा नाही, नवी सृष्टी नाही. ती नगरनाशाची कथा, वेगळ्या तक्त्यात टाका.

पारशी परंपरेत पूर आहे का?

नवसारी-उदवाड्याच्या शेजारामुळे हा प्रश्न इथे येतोच. वेंदिदाद या पारशी धर्मग्रंथाच्या दुसऱ्या फर्गर्दमध्ये (अध्यायात) अहुर मज्द हा देव यिमा राजाला इशारा देतो, पण तो भयंकर हिवाळ्याचा. पाणी आहे ते बर्फ वितळल्यानंतरचं. यिमा नाव बांधत नाही, 'वर' नावाचं आवार बांधतो. त्याच्या मोठ्या भागात नऊ गल्ल्या, मधल्यात सहा, लहानात तीन. आणि त्यांत अनुक्रमे हजार, सहाशे आणि तीनशे स्त्री-पुरुषांची बीजं. व्यंग असलेल्यांना आत घ्यायचं नाही, असंही सांगितलं आहे. 'निवडक बीज जपणं' या रकान्यात ही कथा महाभारताशेजारी बसते, 'पाणी' या रकान्यात जेमतेम.

ग्रीस आणि चीन?

ग्रीसमध्ये ड्यूकेलियन आणि पिरा हे जोडपं पेटीत बसून नऊ दिवस-रात्री तरंगतात, पार्नासस डोंगरावर टेकतात आणि मागे दगड टाकत जातात. दगडांची माणसं होतात. चीनमध्ये नौकाच नाही. गुन बांध घालून पूर अडवू पाहतो आणि फसतो. त्याचा मुलगा यू पात्रं खोल करून, चर काढून पाणी समुद्राकडे नेतो आणि त्यातून राजा होतो. आमच्या मते साऱ्या तक्त्यात सर्वांत वेगळी ओळ हीच. बाकी सगळे पळून वाचतात, यू पाणी वाहून काढतो.

प्रत्येक धर्मात जलप्रलय असतोच, हे खरं का?

नाही. इजिप्तमध्ये माणसांच्या संहाराची कथा आहे, पण त्यांना पुराने बुडवलेलं नाही. तिथे नाईलचा पूर म्हणजे पीक. बौद्ध परंपरेत विश्वाचा नाश चक्राने होतो, सात वेळा अग्नीने आणि आठव्या वेळी पाण्याने. असं चालत 64वा नाश वाऱ्याने. त्यात पाणी हा हिशेबातला एक टप्पा आहे, नायक नाही. जैन मतात लोक, म्हणजे विश्व, अनादि-अनंत, म्हणून संपूर्ण नाश नाहीच. पुराणांतला नैमित्तिक प्रलयही ब्रह्मदेवाच्या रात्रीशी जोडलेला, कोणाच्या पापाशी नव्हे. भागवताने मत्स्यकथेला तीच चौकट दिली.

आणखी एक खबरदारी: 19व्या शतकात मिशनऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी टिपलेल्या कथांत बायबल झिरपलेलं असू शकतं. हवाईतल्या 'नूउ'च्या कथेवर तोच संशय आहे.

आपल्या भागातल्या आदिवासींची कथा आहे का?

आहे, आणि ती उगाच दुर्लक्षित राहते. भिल्लांच्या एका नोंदलेल्या कथेत इशारा मिळतो तो धोब्याला. तो नदीवर कपडे धुताना माशांना खाऊ घालायचा. उपकार स्मरून मासा त्याला पुराची खबर देतो. धोबी मोठी पेटी करतो आणि त्यात बहिणीला आणि एका कोंबड्याला घेऊन बसतो. पूर ओसरल्यावर राम दूत पाठवतो. कोंबडा आरवतो आणि पेटी सापडते. माशाने गुपित फोडलं म्हणून राम त्याची जीभ कापायला लावतो, तेव्हापासून मासा मुका. भावाबहिणीपासून पुढचा वंश.

शतपथाशी लावून पाहा. माशाचा उपकार दोन्हीकडे, पण इथे तो रोजच्या खाऊ घालण्याचा आहे. पक्षी आहे, पण टेहळणीला सोडलेला नाही, आरवून पत्ता देणारा. आणि देव वाचवणारा नसून उशिरा चौकशी करणारा. गुपित फोडणाऱ्याला शिक्षा करणारा. एन्कीची शपथ आठवते ना? म्हणून ती तिथून आली असं लगेच लिहू नका.

हे ग्रंथ बडोद्यात कुठे पाहायचे?

सयाजीराव विद्यापीठाचं प्राच्यविद्या मंदिर आणि हंसा मेहता ग्रंथालय, तसंच मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती प्राच्यविद्या मंदिरानेच सात खंडांत काढली, 1960 ते 1975 या काळात. पण मत्स्यकथेसाठी ती चाळू नका, तिथे ती नाही. महाभारत मागताना 'भांडारकर आवृत्ती' असं सांगा. शतपथाचे आकडे कांड, अध्याय, ब्राह्मण, कंडिका या क्रमाने लागतात आणि ते माध्यंदिन शाखेचे आहेत. काण्व शाखेची प्रत हाती आली तर जुळणार नाहीत. इंग्रजी चालत असेल तर एगलिंग यांचं 1882 चं भाषांतर आहे. मराठी बायबलमध्ये उत्पत्ति 6 ते 9.

शाळेच्या प्रकल्पाला किती कथा घ्याव्यात?

तीन. दहा घेतल्या तर प्रत्येकीला चार ओळी मिळतात आणि सगळ्या सारख्याच दिसायला लागतात. आठवी-नववीसाठी शतपथ, उत्पत्ति आणि भिल्लांची कथा असा संच चांगला. पाठ लहान आहेत, तिन्ही मिळून दोन तासांत वाचून होतात. तक्त्यात 'नाही'चे रकाने लाल शाईने भरा आणि निष्कर्ष त्या लाल रकान्यांवरच लिहा. चित्र काढायचं असेल तर शतपथाच्या नावेत एकटा मनू दाखवा. सिंह, हत्ती, जिराफ नकोत.